मस्टॅंगचा इनटेक मॅनिफोल्ड बदलायचा? आधी आरपीएम बघा

उन्हाळा लागला की इथे डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी पोरांकडून हमखास फोन येतो: ‘दादा, फोर्ड मस्टॅंग जीटीच्या फाइव्ह-लिटर इंजिनाला मोठा इनटेक मॅनिफोल्ड टाकू का?’ गाडी फक्त रस्त्यावर चालत असेल आणि बाकी इंजिन कंपनीचंच असेल, तर माझं उत्तर ‘नको’. ट्रॅकवर जात असाल आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 5000 च्या आसपास किंवा वरच राहत असेल, तर जरूर टाका.

मॅनिफोल्ड म्हणजे नुसती हवा नेणारी नळी नव्हे. त्यात एक सामायिक हवेची पेटी असते, ती प्लेनम, आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी, ती रनर. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की रनरमध्ये कमी दाबाची लाट उठते, प्लेनमपर्यंत जाते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परत फिरते. व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असताना ती पोचली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्तीची हवा कोंबली जाते. लाट ध्वनीच्या वेगाने जाते, त्यात आपला काही हात नाही. म्हणून लांब रनरला ही वेळ कमी आरपीएमवर साधते, आखूड रनरला जास्त आरपीएमवर. थोडक्यात, ताकद बहुतेक वेळा इथून उचलून तिथे ठेवली जाते.

1960 च्या क्रायसलर 300एफमध्ये हे स्वच्छ दिसतं. 413 क्युबिक इंचांचं व्ही-8 लांब रनरवर 375 अश्वशक्ती आणि 2800 आरपीएमला 495 पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचं. आखूड रनरच्या प्रकारात 400 अश्वशक्ती होती, पण टॉर्क 465, तोही 3600 ला. बाहेरून नळ्या सारख्याच. आखूड प्रकारात आतली भिंत काढून 30 इंचांचा रनर 15 इंचांचा केलेला. मला हे काम अजूनही फार देखणं वाटतं.

फोर्डनेही 2012 च्या मस्टॅंग बॉस 302 ला आखूड रनर दिले. साध्या जीटीची 412 अश्वशक्ती तिथे 444 झाली, पण 6500 ऐवजी 7400 आरपीएमला, आणि टॉर्क 390 वरून 380 वर आला. शिवाय त्या वाढीव 32 अश्वशक्ती एकट्या मॅनिफोल्डच्या नाहीत. सिलिंडर हेड आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमही वेगळे होते. मॅनिफोल्ड विकणारा हे सांगत नाही.

आता तुमच्या गाडीचं गणित मांडा. 2015-17 च्या मॅन्युअल जीटीत दुसरा गिअर 2.43, तिसरा 1.69, चौथा 1.32. 7000 ला दुसऱ्यातून तिसरा टाकला की काटा 4870 च्या आसपास पडतो, तिसऱ्यातून चौथा टाकला की 5470 च्या. म्हणजे ट्रॅकवर इंजिन वरच राहतं आणि आखूड रनर कामी येतो. ऑफिसला जाताना मात्र तुम्ही 1500 ते 3500 मध्ये असता. तिथला टॉर्क घालवून वरची ताकद घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

दुसरी तपासणी स्वस्त आहे. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम लाइनला टी लावून दाबाचा मीटर जोडा. इंजिन बंद असतानाचा दाब लिहून ठेवा. समुद्रसपाटीला तो 101 किलोपास्कल असतो, पुण्याच्या उंचीवर 95 च्या आसपास. मग ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) पूर्ण थ्रॉटल देऊन रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत, न्या. आकडा चांगलाच खाली उतरला, तर अडथळा फिल्टर, पाइप किंवा थ्रॉटल बॉडीत (हवा आत सोडणाऱ्या झडपेत) आहे. तो मॅनिफोल्ड बदलून जाणार नाही.

दोन्ही बघूनही बदलायचाच असेल, तर रस्त्यावरच्या 2015-17 जीटीसाठी मी 2018 च्या जीटीचा मॅनिफोल्ड निवडेन. मस्टॅंगच्याच जीटी350 प्रकाराचा मॅनिफोल्ड 8250 आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या इंजिनासाठी बनवलेला आहे आणि त्याला 87 मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी लागते. तुमची 80 ची आहे. टर्बो गाडीत तर आधी इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आणि ट्यूनकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगकडे, बघा.

ट्यूनचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. इंजिनाचा कॉम्प्युटर कॅमचं टायमिंग, इग्निशन आणि टॉर्कचा हिशोब मूळ मॅनिफोल्ड धरून करतो. नवा बसवून तसंच चालवलं, तर आहे तेही गमवाल. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही, पण कॅलिफोर्नियात असाल तर पार्टला कार्बचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर आहे का ते विकत घेण्याआधी बघा.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला द्या. इथल्या गाड्यांत मॅनिफोल्डच्या कडेला रेती आणि मेपलच्या वाळक्या बिया हमखास साचलेल्या असतात. बॅटरी काढा, इंधनाचा दाब उतरवा, बोल्टांभोवती व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि मगच मॅनिफोल्ड उचला. उचलल्या क्षणी आठही पोर्ट झाका. एक खडा आत गेला तरी हेड उतरवावं लागेल. गॅस्केट नवीनच घ्या. बोल्ट मधून बाहेर, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. प्लास्टिक आहे, अंदाजाने आवळलं तर चिरतं.

डायनोवर आधीचा आणि नंतरचा रन एकाच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, कूलंट त्याच तापमानाला असताना घ्या. शेंड्याचा आकडा बाजूला ठेवा आणि दोन्ही रेषा 3000 पासून एकमेकींवर ठेवून बघा: कुठे वर गेली, कुठे खाली आली. मग आठवडाभर चालवून फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) वाचा. आयडलला ट्रिम अधिक दहा टक्क्यांच्या पुढे आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल, तर कुठल्या तरी गॅस्केटमधून हवा गळतेय. स्मोक टेस्ट करून (आत धूर सोडून तो कुठून निघतो ते बघून) ती जागा शोधा, मगच ट्यून पक्का करायला सांगा.