दार्जिलिंगचं वाफेचं इंजिन टिपताना

वाफेच्या गाडीचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा उभं राहायची जागा चुकल्यामुळे. इंजिनावर ओझ्याचा ताण असेल तरच धुराडं बोलतं; उतारावर तेच इंजिन मुकाट्यानं घरंगळत येतं. म्हणून आधी चढ कुठे आहे ते बघा. दार्जिलिंगहून निघणारी जॉयराइड, म्हणजे पर्यटकांसाठीची फेरी, चढत घूमपर्यंत जाऊन परत येते. घूम 2258 मीटरवर, म्हणजे या लाइनवरचं सगळ्यात उंच स्टेशन. तेव्हा धूर आणि वाफ हवी असेल तर जाताना टिपा. परतीच्या वाटेवर डब्यात बसून चहा प्या.

तिकीट काढताना वाफेची की डिझेलची गाडी हे नीट वाचा, दोन्ही चालतात. ऑनलाइन बुकिंगला दार्जिलिंगचा स्टेशन कोड डीजे. आदल्या दिवशी स्टेशनवर चौकशी करा, कारण वेळा हंगामानुसार बदलतात आणि इंजिन नादुरुस्त झालं तर गाडी रद्दही होते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाफ मुळात दिसत नाही. ती थंड हवेत निवून तिचे बारीक थेंब झाले की पांढरा लोट दिसतो. पारा जितका खाली, तितका लोट दाट आणि जास्त वेळ टिकणारा. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की लोट आणि ढग वेगळे ओळखू येत नाहीत.

सगळ्यात हुकमी जागा म्हणजे बतासिया लूप. 1919 साली बांधलेल्या या वळणात लाइन स्वतःलाच ओलांडून वर चढते. गाडी इथे साधारण दहा मिनिटं थांबते. उतरल्याबरोबर सगळे इंजिनाला टेकून सेल्फी काढतात, तेव्हा तुम्ही पुढे चालत जा. खरा क्षण गाडी सुटतानाचा. उभी गाडी चढावर ओढायची म्हणून धुराड्यातून एकेक जड फुत्कार निघतो. शिवाय सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी काढायला ड्रायव्हर खालचे कॉक (छोटे नळ) उघडतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सुटतात. अगदी जवळ उभे असाल तर त्या फवाऱ्यात इंजिनच गायब होतं. पंधरा-वीस मीटर पुढे, रुळांपासून दूर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला थांबा. 70 ते 100 मिमीची लेन्स पुरते. कांचनजंगा इथून उत्तरेला दिसतं. पूर्वेचा सकाळचा उजेड शिखरावर पडतो, पण ऊन चढलं की ढगही चढतात, त्यामुळे पहिलीच गाडी पकडा.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, इथे हमखास गंडतं. काळपट निळं इंजिन बघून कॅमेरा फोटो उजळवतो आणि वाफ सपाट पांढरी होऊन जाते. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, छिद्र एफ/8 ठेवा आणि वाफेचा सर्वांत उजळ भाग जळणार नाही इतकं एक्स्पोजर खाली आणा. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेली वाफ परत येत नाही. ऊन समोरून, म्हणजे इंजिनाच्या मागून आलं तर लोट आतून पेटल्यासारखा दिसतो. दाट धुक्यात मात्र उलट: तिथे फोटो करडे येतात, म्हणून एक्स्पोजर +2/3 ते +1 स्टॉप वाढवा.

शटरचं गणित सोपं आहे. गाडीचा वेग ताशी 12 किमी धरा. इथल्या वाफेच्या इंजिनाचं, म्हणजे बी वर्गाच्या इंजिनाचं, चाक 660 मिमी व्यासाचं, म्हणजे सेकंदाला दीड फेऱ्यांहून थोडं जास्त. 1/250 सेकंदाच्या शटरला चाक जेमतेम दोन अंश फिरतं. सगळं गोठतं आणि गाडी उभीच वाटते. 1/30 ला एकोणीसेक अंश, म्हणजे चाकांचे दांडे पुसट होऊन हालचाल दिसते. त्यासाठी पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं, हवं: पाय गाडी पुढे जिथे येणार त्या बाजूला रोखा, कमरेतून मागे वळा, इंजिनाच्या नंबरप्लेटवर फोकस धरून फिरत या आणि शटर दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. मुंबई-पुणेकरांना सराव घरच्याघरी करता येतो. अमन लॉज ते माथेरान शटल डिझेलची असली तरी लाइनची रुंदी तीच, 610 मिमी, आणि चालही तितकीच संथ.

माणसं विसरू नका. पुढच्या फळीवर बसून ओल्या रुळांवर वाळू टाकणारे आणि हातोडीनं कोळसा फोडणारा, हे या इंजिनाचे चालते भाग आहेत. चाकं घसरली की फुत्कार एकदम भरभर येतात आणि वाळूवाल्यांची धांदल उडते, तेव्हा बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू ठेवा. शेडमध्ये जायचं तर आधी परवानगी विचारा.

कोळशाची खरखरीत राख लेन्सवर पडते. ती कापडानं पुसली तर ओरखडे उमटतात; आधी ब्लोअरनं (हवेच्या रबरी पंपानं) उडवा. लेन्स बदलायची तर गाडी पुढे गेल्यावर. उबदार खोलीतून थेट बाहेर पडताना त्रास नाही, परत आत येताना थंड लेन्सवर दव धरतं, म्हणून कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

हिल कार्ट रोडवर रूळ रस्त्याला आणि दुकानांना खेटून जातात, त्यामुळे ते पायवाट वाटतात. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार तिथे विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे आणि वळणावर पाठीमागून येणारी गाडी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही.