तांबड्या पेशींतलं एटीपी मोजताय? या चुका टाळा

एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. ते मोजायला लागतं काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम, ते ज्यातून उजेड काढतं ते ल्युसिफरिन, थोडं मॅग्नेशियम आणि तुमचा नमुना. जितकं एटीपी, तितका उजेड. पद्धत इतकी सोपी दिसते म्हणूनच नवखे पहिल्याच दिवशी खळग्यांची (वेलची) प्लेट भरायला बसतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला लाल करणारं प्रथिन, विसरणं. काजव्याच्या ल्युसिफरेजचा उजेड 560 नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन 540 आणि 577ला प्रकाश गिळतं. दिवा लावायचा आणि त्यावर लाल फडकं टाकायचं, असा हा प्रकार. आमच्याकडचा एक विद्यार्थी एकदा धावत आला, ‘‘सर, हिमोग्लोबिन कमी असलेल्या रक्तात दर पेशीमागे एटीपी जास्त निघतंय!’’ मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू. दीड महिना त्यात गेला. मग एका संध्याकाळी तोच नमुना दुप्पट पातळ करून लावायला सांगितला. आकडा निम्म्यावर यायला हवा होता. तो जेमतेम हलला. एटीपी जास्त नव्हतंच, फडकं विरळ होतं. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे माहीत एटीपीचे नमुने, त्याने नुसत्या बफरमध्ये केले होते, म्हणजे तिथे फडकंच नव्हतं.

तेव्हापासून लाली डोळ्याला दिसेनाशी होईपर्यंत मी नमुना पातळ करतो. रीडिंग झालं की त्याच वेलमध्ये माहीत असलेलं एटीपी टाकतो. 100चं टाकून 70चाच उजेड वाढला, तर आधीचा आकडा 0.7ने भागायचा. किटच्या पत्रकात हे नसलं तरी करा. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्याला मी दीड महिन्याची गोष्ट पुन्हा ऐकवतो.

पेशींनी बाहेर सोडलेलं एटीपी मोजणाऱ्यांचा घात हिमोलायसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, करतं. पेशीच्या आत एटीपी मिलिमोलरमध्ये, बाहेर नॅनोमोलरमध्ये. हजारातली एक पेशी फुटली तरी प्लाझ्मात साधारण एक मायक्रोमोलर, म्हणजे हजार नॅनोमोलर, सांडतं आणि तुमचा खरा सिग्नल त्यात बुडतो. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, पिपेटने घुसळणं, सगळं बंद. प्रत्येक सुपरनॅटंटचं (पेशी खाली बसवल्यावर वर उरलेल्या द्रवाचं) 415 नॅनोमीटरला शोषण बघा, सांडलेलं हिमोग्लोबिन तिथे दिसतं. ‘डोळ्याला स्वच्छ दिसतंय’ हा पुरावा नव्हे.

रक्त टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. तांबड्या पेशीला मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, नसतात; ती ग्लुकोजवरच भागवते. ग्लुकोज संपलं की एटीपी उतरू लागतं. एटीपी काढायला ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड वापरलंत तर ते भरपूर पातळ करा, नाहीतर एन्झाइमच आडवं होतं. पर्क्लोरिक वापरलं तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून बर्फात ठेवा, साका खाली बसू द्या आणि वरचंच घ्या. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए मॅग्नेशियम पळवतं, त्याचा हिशोब ठेवा. एटीपी प्लेटलेट्समध्येही असतं, म्हणून बफी कोट (तांबड्या पेशींवर बसणारा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा पातळ थर) नीट काढा, दोन थेंब तांबड्या पेशी वाया गेल्या तरी चालतील. ल्युसिफरेज व्हॉर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात गरगर ढवळू नका. हातमोजे घाला, बोटांवरही एटीपी असतं.

आणि पांढरी प्लेट ट्यूबलाइटखालून उचलून थेट यंत्रात सरकवू नका. ती स्वतःच काही वेळ मंद चमकत राहते. मी ती पाच-दहा मिनिटं अंधारात ठेवतो आणि रिकाम्या वेल वाचूनच पुढे जातो.