पोरीच्या हातात पहिलं पिस्तूल देताना

गेल्या जूनमध्ये पलूसकडचे एक द्राक्षबागायतदार आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. माझी रेंज म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका जुन्या हळदीच्या गोदामाचा लांबट भाग. तीन लेन, दहा मीटर, पलीकडे कागदी टार्गेट. पावसाळा लागला की भिंतींतून अजून हळदीचा वास येतो. ते बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, पोरीला नेमबाजी शिकवायचीय. हाताला झेपेल असं छोटंसं रिव्हॉल्वर कुठलं घ्यावं, तेवढं सांगा की."

घरात आजोबांच्या नावावर परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, मुलीने ते लहानपणापासून कपाटात पाहिलेलं. म्हणून त्यांना वाटलं, मोठं तिला जड जाईल, छोटं बरं. असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण विचारतात आणि सगळे मनापासून विचारतात. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे, प्रशिक्षणासाठीचे ठरावीक अपवाद सोडले, तर एकवीस वर्षांखालच्या कुणालाही अग्निशस्त्र जवळ बाळगता येत नाही. आजोबांचा परवाना आजोबांचाच आहे. मळ्यात नेऊन नातीच्या हातात "एकच गोळी झाड बघू" म्हणून देणं हा गुन्हा आहे आणि धोका त्याहून मोठा. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर पिस्तुलाला, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाला, मात्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. गणित केलं तर ही ताकद सहा ज्यूलच्या जवळपास येते.

परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं कुणी समजू नये. एवढ्या ताकदीचा छर्रा डोळा घालवतो.

आता छोट्या रिव्हॉल्वरचं. शस्त्र जेवढं हलकं, तेवढा त्याचा धक्का हाताला जास्त बसतो. दुसरं, चाप. घोडा, म्हणजे मागची हातोडी, आधी मागे न ओढता नुसता चाप दाबला, तर बहुतेक रिव्हॉल्वरला चार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे, आणि आम्ही त्याच्या जरासं वर ठेवतो. तिसरी गोष्ट मी त्या बागायतदारांना फळ्यावर काढून दाखवली. छोट्या रिव्हॉल्वरची पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, यांच्यात जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर असतं. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर लांब जाते. एअर पिस्तुलात हेच अंतर तेहेतीस सेंटिमीटरच्या आसपास असतं, तिथे तेवढ्याच चुकीला तीन सेंटिमीटर. शिकणाऱ्या मुलीला स्वतःची चूक कागदावर वाचता आली पाहिजे. दणका, आवाज आणि जड चाप एकत्र आले की ती गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायला शिकते. आम्ही त्याला फ्लिंच म्हणतो. एकदा ही सवय लागली की काढायला वर्ष जातं.

म्हणून पहिलं शस्त्र दहा मीटरचं एअर पिस्तूलच. रायफल घ्यावी की पिस्तूल, हाही प्रश्न येतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून तर फारच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत रायफलच्या, राही सरनोबत पिस्तुलाच्या. आपल्या भागात दोन्हींची परंपरा आहे. मुलांना रायफल आणि पिस्तूल दोन्ही हाताळून बघू द्या आणि त्यांनाच ठरवू द्या. रायफलला जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट असा वेगळा खर्च असतो आणि वाढत्या वयात ते सगळं दोन वर्षांत आखूड होतं. पिस्तुलाला सपाट तळाचे, घोट्याच्या खाली राहणारे बूट पुरतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण मला जे सांगायचंय ते त्यातच आहे. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आणि वेड लागलं. पुढे पिस्तुलाकडे वळले. वडिलांनी त्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीतले पैसे बाजूला काढून मला पिस्तूल घेऊन दिलं. चांगलं, परदेशी, नव्यासारखं. ग्रिप, म्हणजे हातात धरायची लाकडी मूठ, मात्र मोठ्या पुरुषी हाताची होती. विकणारा म्हणाला, "हाताला बसेल हळूहळू." वडिलांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. सव्वा वर्ष माझे छर्रे डावीकडे खाली जात राहिले. मी साइट सरकवायचे स्क्रू फिरवत राहिले, मनगटाला पट्टी बांधत राहिले आणि आपल्यात काही दम नाही असं मानत राहिले. शेवटी पुण्याच्या एका शिबिरात एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी माझा हात धरला, ग्रिपवर ठेवला आणि विचारलं, "तुझं बोट चापापर्यंत पोचतंय का?" पोचत नव्हतं. नुसतं टोक पोचत होतं, म्हणून मी चाप मागे न ओढता बाजूला ढकलत होते. एवढंच होतं ते. माझं सव्वा वर्ष आणि वडिलांची रात्रीची झोप एका लाकडाच्या तुकड्यात अडकली होती.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला दिवस कागद-पेन्सिलीने सुरू होतो. पुठ्ठ्यावर हात ठेवायचा, बोटं जराशी फाकवायची, भोवती रेघ मारायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यातल्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून तिथेच तारखेसह लिहायचं. ग्रिप एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळतात, उजव्या आणि डाव्या हाताच्या वेगळ्या. दुकानात जाताना हा पुठ्ठा बरोबर न्या.

ग्रिप हातात दिल्यावर काय बघायचं? बेचकं ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत घट्ट बसलं पाहिजे. मधलं बोट चापाच्या कडीखाली टेकलं पाहिजे. तर्जनी लाकडाला न घासता मोकळी पुढे गेली पाहिजे आणि तिच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर सरळ बसला पाहिजे. खालची फळी, जिला आम्ही पाम रेस्ट म्हणतो, ती तळहाताला नुसती टेकावी, चेपू नये. मनगट ग्रिपच्या बाहेर पूर्ण मोकळं हवं, हा तर स्पर्धेचाच नियम आहे.

आणि माझी सांगलीची युक्ती. मुलीच्या तळहाताला चिमूटभर हळद चोळते, ग्रिपवर पांढरा पातळ कागद गुंडाळून तिला पकडायला लावते. हात काढला की कागदावर पिवळा नकाशा उठतो. कुठे लाकूड लागतंय, कुठे पोकळ आहे, सगळं दिसतं. पलूसच्या मुलीच्या कागदावर करंगळीचा डागच नव्हता आणि अंगठ्याच्या मुळाशी मात्र गडद पट्टा होता. म्हणजे सगळा भार एका जागी. पोकळ जागी एम-सीलचा पातळ थर देऊन, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून ग्रिप भरता येते. उंचवटा असेल तर बारीक कानशीने घासायचा, पण रोज थोडा थोडा, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही.

मग डोळे मिटून बघायचं. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून मुलीने टार्गेटकडे तोंड करून हात उचलायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप हाताची आहे. दहापैकी आठ वेळा ती डावीकडेच दिसत असेल, तर साइटला हात लावू नका. ग्रिपचा कोन बदला किंवा ग्रिपच बदला.

वजनाची चाचणी घरीच होते. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. स्पर्धेची बरीचशी पिस्तुलं त्याच वजनाच्या आसपास असतात. नियमात वरची मर्यादा दीड किलो आहे. मुलीला अर्धी भरलेली बाटली एका हाताने, कोपर सरळ ठेवून खांद्याच्या उंचीला पंधरा सेकंद धरायला सांगा. मिनिटभर विसावा, पुन्हा पंधरा. असं दहा वेळा. सहाव्या-सातव्या वेळी खांदा वर चढायला लागला किंवा कंबर मागे कलली, तर तिला पूर्ण वजनाचं पिस्तूल अजून द्यायचं नाही. पूर्ण स्पर्धेत साठ शॉट असतात, सरावाचे वेगळे. हॅमर्ली एपी२० सारखं पिस्तूल एक किलोच्या बरंच खाली येतं, आणि काही कंपन्या आखूड नळीची मॉडेलं काढतात. ती लहान खांद्याला बरी. या पिस्तुलांना दाबलेल्या हवेचा छोटा सिलिंडर असतो. बैकल आयझेड-एच-४६एम हे रशियन पिस्तूल मात्र सिलिंडरशिवाय, लिव्हर ओढून हवा दाबणारं; हवा भरण्याची कटकट नाही, पण सव्वा किलोच्या वर वजन आणि प्रत्येक शॉटला लिव्हर ओढायची मेहनत. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी ते मी निवडणार नाही, सोळा-सतराच्या दणकट मुलासाठी विचार करीन. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ या कंपन्यांची नावं कानावर पडतीलच. सगळी उत्तम आहेत. यातलं कुठलंही पिस्तूल तुमच्या मुलीपेक्षा चांगलं मारतं आणि पुढची पाच वर्षं मारत राहील, म्हणून नावावरून भांडू नका.

एक मात्र विचारा: बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. ऑलिंपिकला मदतीला माणसं असतात. आपल्याला वॉशर बदलायलासुद्धा पुण्या-मुंबईला जावं लागतं. म्हणून ज्याचे सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक तुमच्या आवाक्यात आहे, ते पिस्तूल घ्या.

नवीन पिस्तूल आज दीड-दोन लाखांच्या घरात किंवा वर जातं. त्यामुळे जुनं घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त डोळे उघडे ठेवा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. स्पर्धेच्या नियमात सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे; ती संपलेला सिलिंडर वापरू नये. रात्री दाबाचा काटा बघून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. उतरला असेल तर गळती आहे. मग पिस्तूल टेबलावर पक्कं टेकवून दहा मीटरवरून दहा छर्रे मारा. सगळ्यांचं मिळून एकच भोक दिसलं पाहिजे. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं. नीट टेकवलेलं पिस्तूल त्या बटणात मारत नसेल, तर मुलीने तरी कुठून मारावं?

हवा भरण्याबद्दल एक गोष्ट सगळ्यात कळकळीने सांगते. हे सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरतात, आणि त्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. एका पालकांनी मला विचारलं होतं, "मिरजेत इतकी हॉस्पिटलं, ऑक्सिजनचा सिलिंडर सहज मिळतो, त्यातून भरू का?" नाही. कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो. मुलीचा चेहरा त्या पिस्तुलापासून हातभर अंतरावर असतो.

डावखुऱ्या मुलांच्या पालकांना विनंती आहे की हात बदलायला लावू नका. डोळाही तपासून घ्या. दोन्ही तळहातांनी छोटी खिडकी करून भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने तारीख दिसत राहते तो नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तरी पिस्तुलात निभावतं, मान जराशी वळवून. पण ग्रिप निवडण्याआधी हे ठाऊक हवं.

आणि ही सगळी खरेदी शिकायला लागल्यावर तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत रेंजवरचं पिस्तूल वापरा, छर्रा न घालता कोऱ्या भिंतीकडे ड्राय प्रॅक्टिस करा, छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण ते शिशाचे असतात. नळीतून सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून घालायची, दोरी आरपार आहे का, हे मुलीने स्वतः रोज दाखवायचं. घरी आलं की पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मोठ्यांकडे, छर्रे दुसऱ्या कपाटात.

पलूसची मुलगी आता दर शनिवार-रविवार एसटीने येते. वडिलांनी अजून काही घेतलेलं नाही. सप्टेंबरात आम्ही पुठ्ठा पुन्हा काढला, जुन्या रेघेवर नवीन रेघ मारली. तर्जनी चार मिलिमीटर पुढे गेली होती. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही रेघा बघितल्या, पुठ्ठा घडी न घालता पिशवीत सरळ ठेवला आणि म्हणाले, "मग दिवाळीनंतर एकदा मोजू, आणि मग जाऊ पुण्याला."