गिटारच्या पट्टीवर कार्बन फायबर नेमकं कुठे लावावं?
हाताने गिटार बनवताना वरच्या फळीखालच्या आधारपट्ट्यांना कार्बन फायबर लावायचं असेल, तर ते पट्टीच्या माथ्यावर, म्हणजे फळीपासून सर्वांत लांबच्या कडेवर लावा. वाकताना तिथे ताण जास्त येतो, म्हणून थोड्याशा फायबरनेही पट्टी ताठ होते, वजन मात्र फारसं वाढत नाही. ऑस्ट्रेलियातले गिटार-कारागीर ग्रेग स्मॉलमन यांनी बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि कार्बन फायबरच्या जाळीवर अतिशय पातळ फळी पेलून दाखवली आहे. फायबरचे तंतू पट्टीच्या लांबीलाच धरून हवेत. मग पट्टीची उंची थोडी उतरवा, नाहीतर फळी जखडते आणि आवाज दबतो. चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा घट्ट गोंद. फायबर कापता-घासताना मास्क घालाच. ती धूळ फुफ्फुसांना आणि कातडीला फार त्रास देते.