‘डिसाइड’ नीट वापरायचं कसं? दरवेळी ‘ठरवणं’ म्हणजे डिसाइड नसतं

नवीन नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. मी ऐटीत मेल टाकला, ‘आय ॲम डिसायडिंग टु जॉइन फ्रॉम मंडे’. माझ्या डोक्यात होतं ‘सोमवारपासून यायचं ठरवतोय’, म्हणजे येतोच की! तिकडून उत्तर आलं, तुमचं एकदा नक्की झालं की कळवा. मी चक्रावलोच, आता अजून किती नक्की करायचं? शेवटी एका मैत्रिणीने सांगितलं, अरे बाबा, तू लिहिलंयस की तुझा विचार अजून चालूच आहे. तेव्हापासून या शब्दाचा जरा नाद लागला, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, शब्दातली कात्री बघा

डिसाइड हा शब्द मुळात लॅटिनमधला, आणि तिथे त्याचा अर्थ चक्क कापून टाकणे. इन्सिजन म्हणजे ऑपरेशनमधला छेद, तोही याच घराण्यातला, प्रिसाइज आणि कॉन्साइजसुद्धा. आपल्याकडे ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतात ना, अगदी तेच. दोन-चार पर्याय समोर आहेत, एक ठेवला, बाकीचे छाटले, झालं डिसाइड. म्हणजे हे एका क्षणात होणारं काम आहे, त्यामुळे ‘आय ॲम डिसायडिंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कात्री अजून हवेतच दिसते. ठरलं असेल तर सरळ ‘आय हॅव डिसायडेड’ म्हणा.

दुसरं काम, पुढे काय जोडायचं ते पक्कं करा

खरी गडबड इथेच होते. एखादी गोष्ट करायचं ठरवलं असेल तर ‘टु’ आणि क्रियापदाचं साधं रूप, ‘शी डिसायडेड टु लीव’. ‘डिसायडेड फॉर लीविंग’ किंवा नुसतं ‘डिसायडेड लीविंग’ चालत नाही. पर्यायांतून एखादी वस्तू निवडली असेल तर ‘ऑन’ लागतो, ‘वी डिसायडेड ऑन द ब्लू वन’. पण ‘द जज डिसायडेड द केस’ मध्ये ‘ऑन’ नाही, कारण जजने केस निवडलेली नाही, निकालात काढलीय. हा फरक लक्षात आला की अर्धी चिंता मिटली. दोघांतलं एक निवडायचं असेल तर ‘बिटवीन’, आणि जावं की न जावं असा घोळ चालू असेल तर ‘वेदर’, जसं ‘आय कान्ट डिसाइड वेदर टु गो’.

आता ‘नाही’ कुठे टाकायचं ते नीट बघा, कारण मराठीत आपण ‘जायचं नाही ठरवलं’ असं काहीही बोलतो आणि समोरचा आवाजावरून समजून घेतो. इंग्लिशमध्ये तसं नाही. ‘आय डिसायडेड नॉट टु गो’ म्हणजे न जायचं पक्कं झालं, विषय संपला. ‘आय डिडन्ट डिसाइड टु गो’ म्हणजे जायचं असं काही मी ठरवलं नव्हतं, आणि मग गेलात की नाही ते त्यातून कळतच नाही, कदाचित आयत्या वेळी गेलाही असाल. पहिल्याच अर्थाचं अजून एक छान रूप आहे, ‘आय डिसायडेड अगेन्स्ट गोइंग’. मला हे आवडतं, कारण विचार करून नाकारलंय असा सूर त्यात आपोआप येतो.

तिसरं काम, मराठीतलं ‘ठरणं’ वेगळं काढा

आपलं ‘ठरणं’ भारी कामसू क्रियापद आहे, कुठेही चालतं. पण ‘तो अपयशी ठरला’ इथे डिसाइड टाकून बघा, गेलं सगळं. तिथे ‘प्रूव्ह’ हवं. ‘सगळ्यांनी मला वेडा ठरवलं’ यात ‘डिक्लेअर’ किंवा ‘लेबल’. ‘ठरल्याप्रमाणे भेटलो’ ला ‘ॲज प्लॅन्ड’. रिपोर्ट बघून आजाराचं कारण ठरवलं, तर ‘डिटरमाइन’, कारण तिथे निवड नाहीये, जे आहे ते शोधून काढलंय. सोपी टेस्ट एकच, मागे सोडून दिलेला पर्याय दिसतोय का? दिसत असेल तर बहुतेक डिसाइड चालेल.

एक गंमत मात्र आहे, डिसाइड करणारा माणूसच पाहिजे असं नाही. ‘दॅट गोल डिसायडेड द मॅच’ म्हणजे तो गोल निर्णायक ठरला. इथे ठरणं आणि डिसाइड पुन्हा गळ्यात गळे घालतात, काय करणार!

चौथं, आजूबाजूचे शब्द

नाम आहे डिसिजन, त्यातला ज हा झ सारखा मऊ. ‘मेक अ डिसिजन’ सगळीकडे चालतं, ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश वळणाचं, पण तेही बरोबर, कोणी हसलं तर हसू द्या. ‘डू अ डिसिजन’ मात्र नको. पटकन निर्णय घेणारा माणूस डिसायसिव, अजून तळ्यात-मळ्यात असलेला अनडिसायडेड. ‘डिसायडेडली’ चा अर्थ ठरवून असा घेऊ नका, तो आहे ‘निश्चितच, चांगलाच’, जसं ‘डिसायडेडली बेटर’.

आणि हो, डेसिड्युअस म्हणजे पानझडी झाड, दिसायला याचाच भाऊ वाटतो पण तो लॅटिनमधल्या पडणे अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदातून आलाय. मी बरीच वर्षं दोघांना एकाच घरातले समजत होतो.

आता करून बघायचं असेल तर आपलेच जुने मेसेज उघडा, ‘ठरलं’, ‘ठरवलं’ असलेली पाच वाक्यं काढा आणि इंग्लिशमध्ये लिहा. माझ्या पाचांपैकी दोनातच डिसाइड बसलं.