ओव्हरक्लॉकनंतर पीसी तापून बंद पडायचा: माझा अनुभव

सहा कोअरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा पुढे, ४.६ गिगाहर्ट्झवर नेला आणि प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) लावलं. पाच मिनिटांत ९८ अंश, मग निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळलं. आधी पंखे बदलले, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नव्याने लावली. फरक जेमतेम ३ अंश. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! खरी गोम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) होती. प्रोसेसरचं व्होल्टेज ‘ऑटो’वर राहिलेलं, आणि मदरबोर्ड लोडखाली १.४२ व्होल्ट देत होता. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे इथली काटकसर भरपूर फळते. हाताने १.२८ ठेवलं, तापमान ७९ वर आलं. तरी तासाभराने एरर आलीच (तेव्हा मात्र डोकं माझंच तापलं). व्होल्टेज ०.०२ वाढवूनही तेच. शेवटी रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद केलं, तेव्हा टेस्ट रात्रभर टिकली. आता रॅम एक पायरी खाली चालते. गेममध्ये फरक मला तरी जाणवत नाही.