मुलांना घेऊन क्रूझवर जायचंय? जहाज असं निवडा

क्रूझच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी रंगीत घसरगुंड्या दिसतात. त्या पाहून जहाज ठरवू नका. आधी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचं प्रवासाच्या दिवशीचं वय कागदावर लिहा. कुठलं जहाज चालेल आणि कुठलं नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

बऱ्याच मोठ्या कंपन्या ६ महिन्यांहून लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत. जहाज महासागर ओलांडणार असेल किंवा सलग ३ दिवस बंदराला लागणार नसेल, तर हीच अट १२ महिन्यांची होते. जहाजावर दवाखाना असतो, पण तो तातडीच्या उपचारांपुरता. गंभीर आजारी बाळाला किनाऱ्यावरच न्यावं लागतं. म्हणूनच रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा घ्याच. कुणी गरोदर असेल, तर सफर संपेपर्यंत २४वा आठवडा सुरू होतो का, ते मोजा. होत असेल तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

सर्वांत जास्त हिरमोड होतो तो डायपरमधल्या मुलांचा. पोहण्याचे डायपर घातले तरी मुख्य तलावात त्यांना बहुधा मनाई असते, कारण त्या डायपरमधून जंतू पाण्यात उतरतातच. काही जहाजांवर अशा मुलांसाठी वेगळं कारंजं असतं. ते आहे का, हे बुकिंगआधी विचारा. किड्स क्लबही (जहाजावर मुलांना खेळवणारी, सांभाळणारी जागा) साधारणपणे ३ वर्षं पूर्ण झालेल्या आणि शी-शू सांगणाऱ्या मुलांनाच घेतो. तिथे वयानुसार गट पाडतात. दोन भावंडं वेगवेगळ्या गटांत गेली तर धाकटं तिथे थांबायलाच तयार होत नाही. त्यांना एकत्र ठेवता येईल का, तेही विचारून घ्या. तलावावर जीवरक्षक असतोच असं नाही.

पहिली सफर ३ ते ५ रात्रींची पुरे. मार्ग पाहताना प्रत्येक बंदराबद्दल एकच प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागणार, की बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी नेणार? दुसऱ्या प्रकारात रांग लागते, हलत्या बोटीत मूल उचलून उतरावं लागतं, आणि बाबागाडीचा जाच होतो. किनाऱ्यावर स्वतःच्या स्वतः फिरणार असाल, तर ठरलेल्या वेळेच्या दीड-दोन तास आधी परत या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि जहाजाची वेळ कधीकधी वेगळी असते. हातात साधं घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेवर लावलेलं.

आता केबिन. इथे घाई करू नका. ‘कुठलीही चालेल’ म्हणून स्वस्तातलं तिकीट घेतलं, की उरलेली केबिन वाट्याला येते. जहाजाचा नकाशा उघडा आणि केबिन नंबर स्वतः निवडा. खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध हेलकावे सर्वांत कमी बसतात; नाकाकडच्या केबिनमध्ये जास्त. तलावाच्या बरोबर खालची केबिन टाळा, भल्या पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक सर्वांत शांत.

चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि उरलेले छतातून किंवा भिंतीतून उघडणारे असतात, किंवा सोफ्याचा पलंग होतो. वरच्या पलंगावर ६ वर्षांखालच्या मुलाला झोपवू नका. पाळणे मोजके असतात, म्हणून बुकिंग करतानाच मागून घ्या. मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन कधीकधी मोठ्या केबिनपेक्षा स्वस्त पडतात, शिवाय दोन बाथरूम मिळतात. साध्या केबिनचं दार अरुंद असतं, जुळ्यांची रुंद बाबागाडी आत जात नाही. बाल्कनी घेतलीत तर खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून दूर सरकवा आणि दाराची कडी कायम लावलेली ठेवा.

दर बहुधा एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून माणशी सांगतात. तिसऱ्या-चौथ्याचं भाडं कमी असलं, तरी बंदर-कर आणि रोजची टिप अनेकदा मुलांनाही लागते. वायफाय, बाटलीबंद पेयं आणि खास रेस्टॉरंट यांचे पैसे वेगळे. हे सगळं धरून एकूण रक्कम काढा आणि मगच दोन जहाजांची तुलना करा.

पासपोर्टची मुदत परतीनंतर ६ महिने तरी असावी. देश सोडून पुन्हा त्याच देशात उतरणार असाल, तर व्हिसा अनेक प्रवेशांचा लागू शकतो. मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागतात. पासपोर्ट, औषधं, पोहण्याचे कपडे आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागण्याचं औषध आणि त्याचं प्रमाण मुलांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसं चालत नाही.

जहाज सुटण्यापूर्वी आपत्कालीन सराव होतो, तो चुकवू नका. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट तेव्हाच मागून घ्या. मुलांना अनेक जहाजांवर जमण्याच्या जागेचा नंबर असलेला पट्टा मनगटाला बांधतात. तो नीट वाचून दाखवा. मग केबिनपासून त्या जागेपर्यंत मुलांना एकदा जिन्याने चालवत न्या, कारण खऱ्या संकटात लिफ्ट वापरायची नसते.